मदत हवी आहे: ए३२० चं मेन व्हील बदलताना टायरचं प्रेशर नट सोडायच्या आधी उतरवायचं की नंतर?

सोनचाफा

नमस्कार मंडळी. इथे लाईनवर आणि हँगरमध्ये काम करणारे बरेच जण आहेत हे जुने धागे वाचून माहीत आहे म्हणून विचारतेय. मी एएमईचा (विमान देखभाल इंजिनियरचा) कोर्स करून आता एका लाईन स्टेशनवर ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) करतेय, जास्त करून नाईट शिफ्ट, विमान ए३२०. पुढच्या आठवड्यात कॅटेगरी ए लायसन्ससाठी माझं टास्क असेसमेंट आहे आणि टास्क आहे मेन व्हील रिप्लेसमेंट.

व्हील चेंज बघितलेत, मदतही केलीय, त्यामुळे काम काय असतं ते माहीत आहे. पण प्रत्येक सिनियरची पद्धत वेगळी. एक सर जॅकवर घेतल्यावर आधी टायरचं प्रेशर उतरवतात आणि मगच ॲक्सल नटला (चाक ॲक्सलवर धरून ठेवणाऱ्या मोठ्या नटला) हात लावतात. दुसरे म्हणतात की नुसता झिजलेला टायर असेल तर काय गरज आहे, चाक बाहेर काढून डॉलीवर ठेवू मग उतरवू, पाच दहा मिनिटं वाचतात. त्यात सकाळच्या पहिल्या फ्लाईटची घाई असली की हे दुसरे सर मला सरळ सांगतात की तू बाजूला हो, उगाच वेळ घालवू नकोस. मॅन्युअलमध्ये वॉर्निंग लिहिलेल्या आहेत पण त्यामागचं कारण मला नीट कळायला हवंय, कारण असेसर नक्की विचारणार आणि असेसमेंट सोडा, उद्या सही माझी असणार आहे.

अजून एक म्हणजे पार्किंग ब्रेक. काढताना लावलेला हवा की सोडलेला, यावरही दोघांचं एकमत नाही. आणि नट टाईट करताना चाक फिरवत फिरवत आधी जास्त टॉर्क, मग सैल, मग परत कमी टॉर्क असं का करतात? कृपया सविस्तर सांगा, मला पाठांतर नकोय.

जुना_एएमई

सोनचाफा, प्रश्न फार चांगला विचारलास बेटा. मी सांताक्रूझला जुन्या हँगरमध्ये आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे, त्यामुळे तुझ्या आजच्या मॅन्युअलची रिव्हिजन माझ्याकडे नाही. टास्क कार्डमध्ये जो क्रम असेल तोच खरा. पण कारण विचारलंयस तर ते सांगतो.

विमानाचं चाक गाडीच्या चाकासारखं अखंड नसतं. दोन अर्धे भाग असतात आणि ते गोलाकार लावलेल्या टाय बोल्टनी एकमेकांना धरलेले असतात. आत २०० पीएसआयच्या आसपास प्रेशर, गाडीच्या टायरला ३०-३५ असतं, यावरून अंदाज कर. हे प्रेशर सतत त्या दोन अर्ध्या भागांना एकमेकांपासून लांब ढकलत असतं, कित्येक टनांचा जोर असतो तो. टाय बोल्ट सगळे धड असतील तोवर काही होत नाही. पण समजा काही बोल्ट तुटलेत किंवा रिमला आतून क्रॅक गेलीय, जी बाहेरून उभं राहून दिसत नाही, तर अशा वेळी बाहेरचा अर्धा भाग जागेवर धरून ठेवायला उरतो फक्त ॲक्सल नट. आणि तू नेमका तोच सोडतेयस, आणि सोडताना तुझी छाती त्याच्या बरोबर समोर आहे. माणसं अशीच गेलीत या धंद्यात. म्हणून प्रेशर आधी, नट नंतर.

'नुसता झिजलेला टायर' हे तुझे सर टायर बघून म्हणतायत. धोका टायरमध्ये नाही, चाकात आहे. हबकॅप काढायच्या आधी टॉर्च घेऊन प्रत्येक टाय बोल्टवरून नजर फिरव, एकही नट कमी दिसला किंवा बोल्टचं डोकं गायब असलं तर तिथेच थांब, समोरून बाजूला हो आणि शिफ्ट इनचार्जला बोलाव.

टायरबे_संजय

काकांनी लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. मी व्हील शॉपमध्ये आहे, आमच्याकडे लाईनवरून चाकं येतात तेव्हा पहिला प्रश्न हाच असतो की यात प्रेशर आहे का. २७ ऑगस्ट २०२४ ला अटलांटाला डेल्टाच्या मेंटेनन्स शॉपमध्ये विमानाला न लावलेलं चाक फुटून दोन जण गेले आणि एक जण गंभीर जखमी झाला. चाक विमानावरून उतरलं म्हणजे धोका संपला असं अजिबात नाही, त्यामुळे डॉलीवर ठेवून मग बघू हा विचारच मनातून काढून टाका.

प्रेशर उतरवताना एक गोष्ट मी प्रत्येक नवीन मुलाला हाताला धरून दाखवतो. घाईत व्हॉल्व्ह पूर्ण मोकळा केला की गॅस इतक्या जोरात बाहेर येतो की व्हॉल्व्ह थंड पडतो आणि कोअरवर, म्हणजे व्हॉल्व्हच्या आतल्या छोट्या भागावर, बर्फ धरतं. पांढरं पांढरं दिसतं. फुसफुस आवाज बंद होतो आणि माणसाला वाटतं रिकामा झाला. रिकामा नसतो, बर्फाने भोक बुजलेलं असतं. म्हणून आवाज थांबला तरी थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग गेज लावून शून्य बघायचं. आणि प्रेशर असताना कोअर रेंचने सोडायला जायचं नाही, तो गोळीसारखा सुटतो. डिफ्लेटर लावून प्रेशर जाऊ द्यायचं आणि सगळं गेल्यावरच कोअर काढायचा. तोंड व्हॉल्व्हच्या रेषेत नको, गॉगल हवाच.

मिहानकर

नागपूरहून. पार्किंग ब्रेकचं मी सांगतो. ब्रेक पॅकमध्ये रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्क) आणि स्टेटर (स्थिर डिस्क) एकाआड एक असतात. रोटरच्या बाहेरच्या कडेला खाचा असतात आणि चाकाच्या आत ज्या ड्राईव्ह की असतात त्या या खाचांमध्ये बसतात. चाक बाहेर ओढताना ब्रेक सुटलेला असेल तर रोटर सैल होऊन थोडे थोडे फिरतात, खाचा एका रेषेत राहत नाहीत, मग नवीन चाक आत सरकवताना एक की अडते आणि दोघं तिघं मिळून ढकलत बसतात. शंभर किलोच्या वरचं चाक असतं ते, तसं ढकलून कार्बनच्या डिस्कची कड तुटते. ब्रेक लावलेला असला की सगळे रोटर दाबून जागच्या जागी राहतात. म्हणून काढताना आणि नवीन चाक घालताना ब्रेक लावलेला, आणि नट टाईट करताना चाक फिरवायचं असतं तेव्हा सोडलेला. दोन्ही सरांचं बरोबर असू शकतं, फक्त टप्पा वेगवेगळा. ए३२० ला पार्किंग ब्रेक यलो हायड्रॉलिक सिस्टिमच्या ॲक्युम्युलेटरवर (साठवलेल्या प्रेशरवर) चालतो, तेव्हा कॉकपिटमध्ये प्रेशर किती आहे ते बघून घ्या, उतरलेलं असेल तर तुम्हाला वाटेल लावलाय आणि पॅक सैलच असेल.

ब्रेक सोडायच्या आधी कॉकपिटमधल्या माणसाशी हेडसेटवर किंवा समोरासमोर बोलणं व्हायलाच पाहिजे, आणि बाकीच्या चाकांना चोक आधीपासून हवेत. गिअरच्या ग्राउंड लॉक पिना घातलेल्या हव्यात, लाल पट्टी बाहेर लोंबताना दिसली पाहिजे.

जॅक लावताना बेली लोडिंग (पोटातलं सामान चढवणं) आणि फ्युएलिंग थांबवायला सांगा. वाऱ्याची मर्यादा कार्डमध्ये दिलेली असते, पावसाळ्यात आमच्याकडे उघड्या बेवर हे आधी बघतात. चाक जमिनीपासून किती उचलायचं तर नवीन टायर जाईल इतकं. नवीन टायर झिजलेल्यापेक्षा मोठा असतो हे विसरून जेमतेम उचललं तर नवीन चाक बसत नाही आणि उघड्या ॲक्सलसकट परत पंप मारावा लागतो, ते टाळा. ॲक्सलच्या आट्यांवर प्रोटेक्टर स्लीव्ह चढवल्याशिवाय चाक ओढू नका.

सोनचाफा

बर्फाचं मला कुणीच सांगितलं नव्हतं, खूप खूप धन्यवाद संजयदादा. मिहानकर दादा, ब्रेकचा घोळ आता सुटला. काका, अजून एक विचारते. विमान नुकतंच उतरलं असेल आणि ब्रेक तापलेले असतील तर किती वेळ थांबायचं? आमच्याकडे टर्नअराऊंडमध्ये लगेच जवळ जायला सांगतात.

जुना_एएमई

कॉकपिटमध्ये व्हील पेजवर प्रत्येक ब्रेकचं तापमान दिसतं. ३०० अंशांच्या वर गेलं की ए३२० मध्ये ब्रेक हॉटची वॉर्निंग येते. चाकामध्ये फ्यूज प्लग असतात, चाक फार तापलं की ते वितळून प्रेशर आपोआप सोडून देतात म्हणजे टायर फुटत नाही. पण ब्रेकची उष्णता चाकापर्यंत पोचायला वेळ लागतो, त्यामुळे विमान थांबल्यावर काही वेळाने चाक जास्त तापतं. उतरल्या उतरल्या ठीक वाटलं म्हणून जवळ जाणं हे म्हणूनच चुकीचं. जायची वेळ आलीच तर पुढून किंवा मागून जायचं, बाजूने कधीच नाही, कारण चाक फुटलं तर तुकडे ॲक्सलच्या रेषेत बाजूला उडतात. तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दाखवतं म्हणून ते कमी करायलाही जायचं नाही, साधारण ३ अंशाला १ टक्का असा फरक पडतो, थंड झाल्यावर तो टायर कमी प्रेशरवर जाईल.

कमी प्रेशर म्हटल्यावर जेद्दाहची गोष्ट सांगतोच. ११ जुलै १९९१, नायजेरिया एअरवेजसाठी उडणारं नेशनएअरचं डीसी-८, हज करून परतणारे लोक. टायरमध्ये प्रेशर कमी आहे हे मेकॅनिकला माहीत होतं, भरायला नायट्रोजन लगेच मिळाला नाही आणि उशीर नको म्हणून तसंच सोडलं. टेकऑफला टायर तापून फुटले, पेटलेलं चाक आत घेतलं गेलं, २६१ माणसं गेली. घाई करणारे तुझे सर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, पण ही गोष्ट त्यांनाही माहीत असायला हवी.

गौरी_ठाणे

मी या क्षेत्रातली नाही पण धागा वाचून अंगावर काटा आला. एक भाबडा प्रश्न, टायरमध्ये नायट्रोजनच का? साधी हवा का नाही, गाडीला तर चालते.

टायरबे_संजय

गौरीताई, अजिबात भाबडा नाही. चाक खूप तापलं की टायरच्या आतल्या रबरातून वाफा निघतात, त्यात हवेतला ऑक्सिजन मिळाला तर आतल्या आत पेट घेऊन स्फोट होतो, आणि तो स्फोट फ्यूज प्लगला वेळच देत नाही. ३१ मार्च १९८६ ला मेक्सिकानाचं बोईंग ७२७ असंच पडलं, ब्रेक तापलेला होता, टायरमध्ये हवा भरलेली होती, उड्डाणानंतर व्हील वेलमध्ये टायर फुटला, १६७ लोक होते, कुणी वाचलं नाही. त्यानंतर अमेरिकेत नियम झाला की मोठ्या विमानांच्या टायरमध्ये ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या वर नको.

सोनचाफा, भरताना सिलिंडरला रेग्युलेटर असल्याशिवाय होज जोडायचा नाही. सिलिंडरमध्ये टायरच्या दहापट प्रेशर असतं. आणि एखादा टायर ८० टक्क्यांच्या खाली जाऊन त्यावर विमान चाललं असेल तर त्याच ॲक्सलवरचा जोडीदार टायरही काढायचा, कारण सगळं वजन त्याने उचललेलं असतं. असेसर हे हमखास विचारतात.

आदित्य_दोहा

टॉर्कचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चाकात आत बाहेर दोन टेपर रोलर बेअरिंग असतात. चाक फिरवत पहिला मोठा टॉर्क देतात तो रोलर कपमध्ये (बेअरिंगच्या बाहेरच्या कड्यात) पूर्ण बसावेत म्हणून, मधलं ग्रीस आणि फट निघून जाते. मग सैल करून दुसरा कमी टॉर्क, तो खरा प्रीलोड, म्हणजे बेअरिंगवर कायम ठेवायचा दाब. पहिलाच ठेवला तर बेअरिंग तापून जळतं, नुसता हाताने कमी टॉर्क दिला आणि चाक फिरवलंच नाही तर बेअरिंग बसलेलंच नसतं, दोन फ्लाईटनंतर नट सैल. दोन्ही रस्ते चाक निखळण्याकडे जातात. आकडे कार्डमधून, तोंडी ऐकलेले नाहीत. फिरवायला एक माणूस वेगळा हवा, एकट्याने एका हाताने फिरवत दुसऱ्या हाताने टॉर्क देता येत नाही. नंतर लॉकिंग बोल्ट, आणि हबकॅप लावताना टॅकोमीटरचा ड्राईव्ह नीट बसलाय ना बघ, नाहीतर अँटीस्किडची तक्रार घेऊन विमान परत येईल.

नवीन चाकाचे कागद जॅक लावायच्या आधी बघ. पार्ट नंबर, सिरियल नंबर, सीए फॉर्म १ (पार्ट वापरायला योग्य असल्याचा दाखला). आणि बेअरिंगवरची प्लॅस्टिकची कव्हरं काढल्यावर ग्रीसला बोट लावून बघ, रेती लागली तर ते चाक लावायचं नाही.

सोनचाफा

सगळ्यांचे मनापासून आभार. आज शिफ्ट इनचार्जना भेटून मी टास्क कार्डची वॉर्निंग दाखवली आणि विचारलं की असेसमेंटमध्ये मी प्रेशर आधी उतरवणार, वेळ लागला तर चालेल ना. ते म्हणाले चालेल, आणि डिफ्लेटर टूल ट्रॉलीवर कायम ठेवायला सांगितलं त्यांनी. शेवटचं एक, टॉर्क रेंचवर कॅलिब्रेशनची तारीख काल संपलेली दिसली. दुसरा स्टोअरमध्ये आहे पण स्टोअर लांब आहे, सगळे म्हणतात एक दिवसाने काय होतंय.

आदित्य_दोहा

तो वापरायचा नाही. स्टोअरला कळव की त्याला टॅग लावून बाजूला ठेवा, आणि दुसरा हातात येऊन त्याची तारीख वाचल्याशिवाय जॅकचा पहिला पंप मारू नकोस.