मदत हवी आहे: डिस्क बदलल्यावर डिजीकॅममधले टॅग गेले

फिरस्ता८२

डिजीकॅम या फोटो लावून ठेवायच्या प्रोग्रॅममध्ये फोटोंना लावलेले टॅग (शोधायला दिलेली नावं) दिसत नाहीयेत. फोटो नव्या एक्स्टर्नल डिस्कवर नेले, प्रोग्रॅमला नवी जागा दाखवली. फोटो सगळे आले, पण टॅग कोरे. चेहऱ्यांना दिलेली नावंही नाहीत. डावीकडच्या यादीत टॅगची नावं आहेत, त्यांवर क्लिक केलं की उजवीकडे रिकामं. साठ हजारांच्या आसपास फोटो आहेत, पुन्हा टॅग लावत बसणं शक्य नाही. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला तिच्या फोटोंचा अल्बम छापायचाय आणि छापणाऱ्याला या आठवड्यात फोटो द्यायचेत. कुणाला माहीत असेल तर लगेच सांगा.

अक्षांश

आधी एवढं सांगा, नाहीतर सगळे अंधारात बाण मारतील:
ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, डिजीकॅमची आवृत्ती कोणती?
जुनी डिस्क अजून आहे का, आणि तिच्यावर फोटो आहेत का?
"नवी जागा दाखवली" म्हणजे नक्की काय केलंत? सेटिंगमध्ये जुन्या कलेक्शनची (प्रोग्रॅमला दाखवलेल्या फोटोंच्या मूळ फोल्डरची) जागा बदललीत, की नवं कलेक्शन जोडलंत?
जुनं कलेक्शन यादीतून काढून टाकलंय का?
टॅग फाइलमध्ये लिहायचा पर्याय चालू होता का?

उत्तर येईपर्यंत टूल्स मेनूतल्या मेंटेनन्सला हात लावू नका. त्यातली डेटाबेसची, म्हणजे प्रोग्रॅमच्या स्वतःच्या नोंदवहीची, साफसफाई तर अजिबात नको.

मोगरा_पुणे

हे सगळं सोडा आणि गूगल फोटोजवर चढवा. चेहरे ते स्वतः ओळखतं, आजीचं नाव एकदा दिलं की झालं.

टिपणवही

साठ हजार फोटो या आठवड्यात चढणार कसे? सरासरी ४ एमबी धरली तरी २४० जीबी होतात. फुकट मिळते १५ जीबी, तीही जीमेल आणि ड्राइव्हसकट.

माझं मत विचाराल तर टॅगच्या नादी लागूच नये. वर्ष, त्याखाली महिना आणि प्रसंग: "२०१९-०५ गुहागर" असं फोल्डर. वर्ष आधी आणि महिना दोन आकडी, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर आपोआप क्रमाने लागतात. प्रोग्रॅम बंद पडला तरी फोल्डर राहतं.

डार्करूम

फोल्डर हवंच, पण एक फोटो एकाच फोल्डरमध्ये राहतो. गुहागरच्या फोटोत आजी आहे, मामा आहे आणि समुद्रही आहे. "आजी" म्हणून शोधायचं तर फोल्डर काय कामाचं?

फिरस्ता, लाइटरूम क्लासिक घ्या, तोही असाच फोटोंचा प्रोग्रॅम आहे. तिथे डिस्क बदलली की फोल्डरवर प्रश्नचिन्ह येतं. राइट क्लिक करून हरवलेलं फोल्डर शोधा, नवी जागा दाखवा, संपलं.

टिपणवही

आणि दर महिन्याला पैसे भरा. एकरकमी विकत मिळणारी शेवटची आवृत्ती सहावी, २०१५ ची. शिवाय लाइटरूमचेही कीवर्ड, म्हणजे टॅग, आधी कॅटलॉगमध्येच (त्याच्या डेटाबेसमध्ये) असतात, फाइलमध्ये लिहायला कंट्रोल एस दाबावं लागतं किंवा आपोआप लिहायचा पर्याय चालू करावा लागतो. दुखणं तेच.

फिरस्ता८२

विंडोज ११, डिजीकॅम ८. नवं कलेक्शन जोडलं, अजून काय करणार? जुनं यादीत आहे, पण फिकट दिसतंय. जुनी डिस्क मावसभावाला दिली, त्याने फॉरमॅट करून वापरायला घेतली. फाइलमध्ये लिहायचा पर्याय कुठे असतो तेच माहीत नाही, म्हणजे बंदच असावा.

एक विचित्र गोष्ट: व्हिडिओंवर टॅग शाबूत आहेत. फोटोंवर नाहीत.

अक्षांश

व्हिडिओंची गोष्ट सांगितलीत ते बरं केलंत, तिथेच उत्तर आहे. आणि जुनं कलेक्शन काढलं नाहीत म्हणजे तुमचे टॅग डेटाबेसमध्ये जसेच्या तसे आहेत. फिकट कलेक्शन म्हणजे प्रोग्रॅमला ती डिस्क सापडत नाहीये. न सापडणाऱ्या डिस्कवरचे फोटो तो दाखवत नाही, म्हणून टॅग रिकामे दिसतात.

आता व्हिडिओंना टॅग का आले ते बघा. नवं कलेक्शन जोडल्यावर डिजीकॅम प्रत्येक फाइलचा ठसा काढतं: फाइलची सुरुवात, शेवट आणि आकार यांवरून. तोच ठसा डेटाबेसमध्ये आधीपासून असेल तर ही तीच फाइल आहे असं समजून टॅग, रेटिंग वगैरे नव्या नोंदीवर उतरवतं. व्हिडिओंचं तसं झालं. फोटोंचं झालं नाही, याचा अर्थ कॉपी केल्यावर आणि कलेक्शन जोडण्याच्या आधी फोटो कशाने तरी बदललेत. मध्ये काय केलं होतंत? फिरवले, तारखा लावल्या, आकार कमी केला?

फिरस्ता८२

टॅगशी संबंध नसलेलं काम होतं ते. एक्झिफटूल या फाइलमधली माहिती बदलणाऱ्या प्रोग्रॅमने व्हॉट्सॲपच्या फोटोंना नावावरून तारीख घातली आणि सगळ्या जेपीजींच्या कॉपीराइटमध्ये आडनाव टाकलं. फोटो जसाच्या तसा आहे.

अक्षांश

दिसायला तसाच, पण एक्झिफची (तारीख, कॅमेरा, कॉपीराइट वगैरे) माहिती फाइलच्या अगदी सुरुवातीला असते. तिथे एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो. कॉपीराइट सगळ्या जेपीजींना लावलात, म्हणून सगळेच अनोळखी झाले.

कोकणकडा

एक्झिफटूल मुळात जुनी फाइल ठेवून देतं, नावाच्या शेवटी अंडरस्कोअर ओरिजिनल जोडून. त्या असतील तर परत आणा, ठसे जुळतील आणि काम झालं.

फिरस्ता८२

ओव्हरराइटचा पर्याय लावला होता, दुप्पट जागा कोण देणार.

कोकणकडा

मग तो रस्ता बंद. पण व्हॉट्सॲपच्या तारखा एकदा तपासा. नावात "आयएमजी-२०१९०३१४-डब्ल्यूए००१२" असं असतं. शेवटचा आकडा त्या दिवसातला अनुक्रमांक आहे, वेळ नाही. आख्खं नाव एक्झिफटूलला दिलंत तर ते ००१२ म्हणजे रात्री बारा वाजून बारा मिनिटं समजतं. डब्ल्यूएपासून पुढचं कापून वेळ स्वतः ठरवून द्यायची, मी दुपारी १२ देतो. शिवाय ती तारीख फोटो फोनमध्ये आल्याची असते, काढल्याची नाही. १९८५ च्या लग्नाचा फोटो कुणी मागच्या दिवाळीत ग्रुपवर टाकला असेल तर तो दिवाळीतच दिसणार.

हळदीचं_पान

जुन्या फोटोंचा विषय निघालाय तर सांगते. कागदावरचे फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. ४ बाय ६ इंचाच्या प्रिंटचे २४०० बाय ३६०० पिक्सेल होतात, तेवढ्याच आकारात छापायला पुरून उरतात. त्याहून जास्त ठेवून कागदाचा पोतच मोठा होतो. निगेटिव्ह असेल तर २४०० डीपीआय किंवा वर. स्कॅनरची काच मायक्रोफायबरने पुसा, ओल्या फडक्याने नको. आणि एक्झिफमध्ये फोटो काढल्याची तारीख वेगळी आणि डिजिटल केल्याची वेगळी अशा दोन जागा असतात. अंदाजाचं वर्ष पहिलीत घाला.

फिरस्ता८२

स्कॅनिंगचं कुणी विचारलं नव्हतं. टॅग परत कसे आणायचे तेवढं सांगा.

अक्षांश

क्रमाने करा, मधली पायरी गाळू नका.

डिजीकॅम बंद करा. डेटाबेस कुठे आहे बघा. जागा बदलली नसेल तर विंडोजवर तुमच्या पिक्चर्स फोल्डरमध्ये असतो. नावाच्या शेवटी डीबी असलेल्या चार फाइली: डिजीकॅम४ मुख्य, बाकी थंबनेल, सारखेपणा आणि चेहरे ओळखण्याच्या. चारही दुसऱ्या ठिकाणी कॉपी करून ठेवा. पुढे काहीही बिनसलं तर प्रोग्रॅम बंद करून याच परत टाकायच्या.

डिजीकॅम उघडा. सेटिंगमधल्या मेटाडेटा (टॅग, तारीख अशी फोटोबद्दलची माहिती) पानावर दोन पर्याय शोधा: फाइल बदलली की पुन्हा स्कॅन करा, आणि पुन्हा स्कॅन करताना डेटाबेसमधला मेटाडेटा साफ करा. दोन्ही बंद हवेत. दुसरा चालू राहिला तर प्रोग्रॅम तुमच्या बदललेल्या फाइली वाचेल, त्यांत टॅग नाहीत म्हणून डेटाबेसमधलेही पुसेल.

मग कलेक्शनच्या पानावरून नवं कलेक्शन काढून टाका. जुनं नाही, नवं.

त्यानंतर जुन्या, फिकट कलेक्शनच्या ओळीत उजवीकडे जागा बदलायचं बटण आहे, ते दाबून नव्या डिस्कवरचं फोल्डर निवडा. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. जुनं कलेक्शन ई ड्राइव्हवरच्या "फोटो" फोल्डरपासून सुरू होत होतं आणि नव्या डिस्कवर तेच "बॅकअप" मध्ये "फोटो" असं असेल, तर "फोटो" निवडायचं, "बॅकअप" नाही. आतली पायरी न् पायरी जुन्यासारखीच दिसली पाहिजे. एक पातळी जरी वरखाली झाली तर प्रोग्रॅमला वाटतं जुने सगळे गेले आणि नवे आले.

फिरस्ता८२

नवं कलेक्शन काढलं तर डिस्कवरचे फोटो उडतील ना? हा एकच संच उरलाय.

अक्षांश

नाही. कलेक्शन काढणं म्हणजे डेटाबेसमधली नोंद काढणं, डिस्कवरच्या फाइलींना काही होत नाही. पण एकच संच आहे म्हणताय तर टॅगांआधी दुसरी डिस्क घ्या आणि त्यावर आख्खी कॉपी करा. हे पहिलं काम.

आणि नव्या कलेक्शनमध्ये या दिवसांत काही टॅग लावले असतील तर ते जातील. लावलेत का?

फिरस्ता८२

आजीचे पाचपन्नास. ते गेले तरी चालतील. फोल्डरांची नावं मात्र बदललीत, "२०१७ दिवाळी" ची "२०१७-१० दिवाळी" केली.

टिपणवही

नाव चांगलं ठेवलंत, महिना हवाच.

अक्षांश

ही माहिती आधी हवी होती. ज्या फोल्डरांची नावं बदलली तेवढी एक्सप्लोररमधून जुन्या नावावर न्या, मगच जागा बदला. जुळणी फोल्डरच्या वाटेवरून होणार आहे, ठसे तर आधीच बदललेत. टॅग परत आले की पुन्हा नावं बदला, पण डिजीकॅमच्या आतून. आतून बदललं की डेटाबेसलाही कळतं.

जुनी नावं आठवत नसतील तर जुन्या डेटाबेसची कॉपी कुठल्याही एसक्यूलाइट बघणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, अल्बमच्या तक्त्यात सगळ्या वाटा लिहिलेल्या असतात.

डार्करूम

माझं म्हणणं तेवढं: टॅग परत आल्यावर डेटाबेसच्या भरवशावर ठेवू नका, फाइलमध्ये लिहा. मग डिजीकॅम असो की लाइटरूम, फाइलबरोबर टॅग चालत जातात. गूगलचा पिकासा हा फोटोंचा प्रोग्रॅम मार्च २०१६ मध्ये बंद झाला तेव्हा ज्यांचे चेहरे फक्त प्रत्येक फोल्डरच्या लपलेल्या आयएनआय फाइलमध्ये होते, ते अडकले. ज्यांनी एक्सएमपीत (माहिती लिहायची सगळ्या प्रोग्रॅमना वाचता येणारी पद्धत) लिहिले होते त्यांचे आजही दिसतात.

अक्षांश

इथे डार्करूमशी पूर्ण सहमत. मेटाडेटाच्या सेटिंगमध्ये टॅग, मथळा, रेटिंग, चेहरे यांवर खुणा करा. मग मेंटेनन्समध्ये मेटाडेटा आणि डेटाबेस जुळवा, दिशा "डेटाबेसकडून फाइलींकडे". उलटी दिशा निवडलीत तर रिकाम्या फाइली डेटाबेसवर लिहिल्या जातील. आधी एका छोट्या अल्बमवर करा आणि एक्झिफटूलने एक फोटो उघडून खात्री करा.

जेपीजीत माहिती आतच लिहिली जाते. रॉ (कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या) फोटोंना आत लिहिणं टाळा, शेजारी एक्सएमपीची जोडफाइल ठेवा. डिजीकॅम रॉ फाइलच्या पूर्ण नावाला एक्सएमपी जोडतं, लाइटरूमला एक्स्टेन्शन वगळून नाव लागतं. तिकडे जायचं असेल तर जोडफाइलींची नावं इतर प्रोग्रॅमना चालतील अशी ठेवायचा पर्याय आहे, तो आधीच लावा.

कोकणकडा

टॅग मराठीत असतील तर लांबीकडे बघा. फाइलमध्ये टॅग लिहायच्या जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका कीवर्डला ६४ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-वेलांटीसकट, ३ बाइट खातं. "सत्यनारायण पूजा नवीन घर" हे ६३ बाइट, जेमतेम बसतं. "सत्यनारायणाची" केलंत की ७२, आणि एक्झिफटूल इशारा देऊन शेपूट कापतं. एक्सएमपीत ही मर्यादा नाही.

ऱ्हस्व-दीर्घही एकदा बघून घ्या. "गणपती" आणि "गणपति" हे प्रोग्रॅमच्या लेखी दोन टॅग. एक दुसऱ्यावर ओढून टाकला तर तो त्याच्या पोटात जातो, एकत्र होत नाही. नाव बदलण्याआधी एकाचे सगळे फोटो निवडा, त्यांना दुसरा टॅग लावा, मग पहिला काढा.

हळदीचं_पान

छापायला देणार असाल तर फोटोंची प्रत सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) करून द्यायची गरज नसते, लॅबला एसआरजीबी (पडद्यावरचे नेहमीचे रंग) जेपीजी हवे असतात. ८ बाय १० इंचाला ३०० डीपीआयने २४०० बाय ३००० पिक्सेल. व्हॉट्सॲपवरून आलेले बरेच फोटो तेवढे नसतात, ते अल्बममध्ये लहान चौकटीत ठेवा.

फिरस्ता८२

दुसरी डिस्क आणून कॉपी केली. डेटाबेसच्या फाइली बाजूला ठेवल्या. फोल्डरांची नावं जुनी केली, नवं कलेक्शन काढलं, जुन्याची जागा बदलली. टॅग आले. चेहऱ्यांची नावंही आली. "आजी" वर क्लिक केलं तर जुन्या वाड्यातले सगळे दिसतायत. फक्त २०१७ दिवाळीचे कोरे आहेत.

अक्षांश

त्या फोल्डरच्या जुन्या नावात मध्ये एक स्पेस होती की दोन, ते डेटाबेसच्या कॉपीत बघा. आणि कोऱ्या फोटोंवर आत्ता काहीही लिहू नका. जुळणी झाल्यावरच फाइलींकडे लिहायचं काम सुरू करा.

फिरस्ता८२

दोन होत्या. प्रोग्रॅम बंद केला, बाजूला ठेवलेला डेटाबेस परत टाकला, नाव बरोबर करून नवं कलेक्शन पुन्हा काढलं आणि जागा बदलली. दिवाळीचेही आले. आता एका अल्बमवर लिहून बघतोय, एक्झिफटूलमध्ये "आजी" दिसतंय.