बेड बाथ अँड बियॉन्ड: ऑनलाइनने मारलं की मालकांनी?

पडदेवाला_जळगाव
अमेरिकेतली ही घरसजावटीची साखळी एप्रिल 2023 मध्ये दिवाळखोरीत गेली. तेव्हापासून फुले मार्केटात एकच पालुपद: "ऑनलाइनने एवढी मोठी कंपनी खाल्ली, तिथे आपलं काय!" मला हे पटत नाही. 1971 मध्ये न्यू जर्सीत दोघांनी चादरी-टॉवेलचं दुकान टाकलं. पुढे दुकानं वाढली, तरी कुठे कोणता माल ठेवायचा हे बरंचसं तिथला मॅनेजर ठरवायचा. म्हणून धंदा फुलला. मग 2014 मध्ये दीड अब्ज डॉलरचं कर्ज काढलं, कशासाठी? स्वतःचेच शेअर परत विकत घ्यायला! 2004 पासून त्यात 11 अब्जांहून जास्त डॉलर घातले. गल्ला असा रिकामा केल्यावर कोण तगेल?

धुळेकर
भाऊ, गल्ला भरलेला असता तरी गिऱ्हाईक कुठून आणलं असतं? 20 टक्के सूट देणाऱ्या निळ्या कुपनांची लोकांना इतकी सवय लागली की पूर्ण भाव द्यायला कुणी तयार होईना. आमच्या धुळ्यात आग्रा रोडवर रोज बघू राहिलो. लोक पडद्याचं कापड हाताने चाचपतात, फोटो काढतात आणि पायरीवरच उभं राहून मोबाइलवर ऑर्डर टाकतात.

पडदेवाला_जळगाव
पण खिडकीचं माप घ्यायला, अस्तर लावून कड्या बसवायला माझाच माणूस घरी जातो ना? गिऱ्हाईक त्यासाठी येतं. बेड बाथमध्ये 2019 मध्ये टार्गेट या दुसऱ्या अमेरिकी दुकान-साखळीतून मार्क ट्रिटन मुख्य अधिकारी म्हणून आले, नावाजलेले ब्रँड कमी करून कंपनीचे स्वतःचे ब्रँड भरले. हवी ती वस्तू मिळेना म्हणून लोक गेले.

भुसावळची_गृहिणी
माप घेता, पण भाव पाटीवर लिहीत नाही. एकाच पडद्याला मला एक भाव, शेजारणीला दुसरा. मोबाइलवर निदान फसल्यासारखं वाटत नाही. माझं मत धुळेकरांना.

चटई_एमआयडीसी
आम्ही जळगावात प्लास्टिकच्या चटया बनवतो, म्हणून पुरवठादाराच्या बाजूने सांगतो. शेवटचा घाव उधारीचा होता. 2022 मध्ये पैसे अडकतील या भीतीने पुरवठादारांनी हात आखडता घेतला, आगाऊ रक्कम मागितली. फळ्या रिकाम्या पडल्या. रिकाम्या दुकानात कोण शिरणार? ऑनलाइनने दुखणं वाढवलं असेल, पण पत घालवली मालकांनीच.

धुळेकर
मग शेवटी कंपनीचं नाव विकत घेतलं कुणी? ओव्हरस्टॉक या ऑनलाइन कंपनीनेच, 2 कोटी 15 लाख डॉलरला. दुकानं घेतली नाहीत. याचं उत्तर द्या.