मदत हवी आहे: विकायच्या घरातली भेग बुजवावी की तशीच दाखवावी?

छोट्या गावातलं आमचं दुमजली घर विकायला काढलंय. बांधकाम 9 वर्षांचं, कागदपत्रं चोख, कर्ज फिटलेलं. बघायला येणारे स्वयंपाकघरात खूश होतात, मागच्या खोलीत शिरले की गप्प. ही खोली आम्ही 4 वर्षांपूर्वी वाढवली. जुनी आणि नवी भिंत जिथे जुळते तिथे छतापासून फरशीपर्यंत उभी, सरळ भेग आहे. नखाचं टोक जेमतेम जातं. तिरकी नाही, ओलही नाही.

दोनदा पुट्टी भरून रंग दिला, दोन्ही वेळा उघडली. मग भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली (भेग हलली तर काच तडकते), शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. 8 महिने झाले, काच शाबूत आहे, भेगही रुंदावलेली नाही. म्हणजे नवा पाया जेवढा बसायचा तेवढा बसला असावा. (पाहुण्यांना मात्र ती काचच जास्त घाबरवते!)

आम्ही तिथेच राहतो, त्यामुळे मोठी तोडफोड नको. 3 महिन्यांत घर सोडायचंय. लपवून विकायचं नाही, हे पक्कं.

तर, जाळी मारून नवं प्लास्टर करावं, की काच तशीच ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरचा अहवाल दाखवावा? घेणारे तुम्ही असता तर कशावर विश्वास ठेवला असता?