कॉम्प्युटर चालू होतो, पण आयकॉन नाहीत, टास्कबारही नाही. फॉरमॅट न करता काही करता येईल का?

नंदगड डीटीपी

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात नंदगडला माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. कालपासून दुकानातला कॉम्प्युटर असा वागतोय: चालू होतो, पासवर्ड विचारतो, पासवर्ड घेतो, आणि मग नुसता काळा पडदा. माऊसचा बाण तेवढा फिरतो. आयकॉन एकही नाही, खालची टास्कबार नाही, स्टार्ट नाही. विंडोजचं बटण दाबून काही होत नाही, राइट क्लिक केलं तर मेनू येत नाही. विंडोज 10 आहे.

आदल्या संध्याकाळी एका गिऱ्हाइकानं पेन ड्राइव्ह आणला होता, त्यातून उताऱ्याच्या प्रिंट काढून दिल्या. तो लावल्यावर अँटिव्हायरसनं लाल खिडकी दाखवली: धोकादायक फाइल सापडली, काढून टाकली, रिस्टार्ट करा. दुकान बंद करायची वेळ झाली होती म्हणून कॉम्प्युटर बंदच केला. सकाळी येऊन बघते तर हे.

खानापुरात एकांना दाखवला. ते म्हणाले, विंडोज उडालंय, फॉरमॅट मारायला लागणार, डेस्कटॉपवरचं काही राहणार नाही. माझं सगळं चालू काम डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरमध्ये आहे. तुळशीचं लग्न झाल्यापासून पत्रिकांची रांग लागलीय. एक पत्रिका तर दोन भाषांत आहे. नवरा हलशीचा, नवरी इटगीकडची. एका बाजूला श्रीलिपीत मराठी, दुसऱ्या बाजूला नुडीत कन्नड. कन्नड मजकूर नवरीच्या मामांनी दुकानात बसून, एकेक नाव बघून दुरुस्त करून दिलाय. शुक्रवारी ती बेळगावला छपाईला द्यायची आहे. फॉरमॅटशिवाय काही मार्ग असला तर सांगा, लई उपकार होतील.

निपाणीचे मास्तर

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात असे प्रकार होतात, म्हणून आधी साध्या गोष्टी बघून घ्या. आयकॉन नसतील पण टास्कबार असेल, तर डेस्कटॉपवर राइट क्लिक करून व्ह्यू मेनूत "शो डेस्कटॉप आयकॉन्स"वरची खूण गेली आहे का ते बघायचं. टास्कबार नसेल पण आयकॉन असतील, तर ती आपोआप लपण्यावर ठेवलेली असते. बाण पडद्याच्या तळाशी नेला की वर येते. प्रोजेक्टर जोडलेला होता आणि नंतर काढला, तर सगळं दुसऱ्या पडद्यावर राहून जातं, तेव्हा विंडोजचं बटण आणि पी दाबून पहिला पर्याय निवडायचा. विंडोज 10 मध्ये टॅबलेट मोड चुकून चालू झाला तरी आयकॉन दिसत नाहीत.

तुमच्याकडे मात्र दोन्ही गेलेत आणि राइट क्लिकही चालत नाही. हे यातलं वाटत नाही. जाणकारांनी बघावं.

चिकोडीकर

व्हायरस आला म्हणजे फॉरमॅटच चांगला. एकदाच काय ते स्वच्छ होऊन जातं. उगाच वेळ घालवू नका.

शहापूर रिपेअरवाला

ताई, फॉरमॅट करू नका. निदान आज तरी कुणाला करू देऊ नका.

आयकॉन दिसत नाहीत म्हणून फाइली गेल्या असं समजू नका. डेस्कटॉप म्हणजे डिस्कवरचा एक साधा फोल्डर: सी ड्राइव्ह, त्यात युजर्स, त्यात तुमच्या नावाचा फोल्डर, त्यात डेस्कटॉप. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर तो वनड्राइव्हच्या फोल्डरात असतो, एवढाच फरक. आयकॉन, टास्कबार, स्टार्ट मेनू, राइट क्लिकचा मेनू, हे सगळं पडद्यावर आणून ठेवणारा प्रोग्रॅम एकच, एक्सप्लोरर डॉट ईएक्सई. तो उठला नाही की हे सगळं एकदम गायब होतं. त्याच्या मागे विंडोज चालूच असतं. पासवर्ड घेतला जातोय आणि बाण फिरतोय, त्याअर्थी तुमचं विंडोज उडालेलं नाही.

मी शहापुरात बरीच वर्षं हेच काम करतो. फॉरमॅट करणाऱ्याला सोपं पडतं, दुपारपर्यंत मशीन परत देता येतं. पण फाइली राहिल्या तरी श्रीलिपी, नुडी, कोरल, प्रिंटर, सगळे फॉन्ट पुन्हा बसवायचे कुणी? आणि ऐन लगीनसराईत? म्हणून माझा आग्रह असतो की आधी फाइली हातात घ्यायच्या, मग दुखणं शोधायचं, आणि त्यानंतरही जमलं नाही तरच फॉरमॅट.

फाइली आत्ताच काढून घ्या. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर येईल. खिडकी छोटीच असली तर "मोअर डिटेल्स" दाबा. फाइल मेनूतून "रन न्यू टास्क", मग "ब्राउज". जी खिडकी उघडेल ती फाइल निवडण्यासाठी असते, पण त्यातून कॉपी-पेस्टही करता येतं, हे पुष्कळांना माहीत नसतं. तिच्यात खाली "प्रोग्रॅम्स" लिहिलेलं असतं, तिथं "ऑल फाइल्स" करा, नाहीतर फोल्डर रिकामे दिसतील आणि उगाच घाबराल. डेस्कटॉपवर जा, पत्रिकांच्या फोल्डरवर एकदा क्लिक करून कंट्रोल सी, मग त्याच खिडकीतून पेन ड्राइव्हवर जाऊन कंट्रोल व्ही. पेन ड्राइव्ह आपला घ्या, गिऱ्हाइकाचा नको.

हे झाल्यावर पुन्हा "रन न्यू टास्क" घ्या आणि एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असं इंग्रजी अक्षरांत लिहून एंटर करा. काय होतं ते जसंच्या तसं इथं लिहा. यावरच सगळं अवलंबून आहे. डेस्कटॉप पूर्ण परत आला, तर एक्सप्लोरर चांगला आहे, सुरुवातीला त्याला कुणी हाक मारत नाही एवढंच. नुसती फोल्डरची एक खिडकी उघडली आणि टास्कबार आली नाही, तर बहुतेक रजिस्ट्रीतली, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीतली, "शेल" ही नोंद बदललेली असते. पासवर्डनंतर काय उघडायचं ते तिथं लिहिलेलं असतं. टास्कबार येते-जाते, येते-जाते असं झालं तर एक्सप्लोरर उठून पडतोय. आणि फाइल सापडत नाही असा निरोप आला, तर ते निराळंच प्रकरण आहे.

सेफ मोडमध्येही बघा, त्यात विंडोज फक्त गरजेपुरत्या गोष्टींवर चालतं. कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबल्यावर उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह येतं. शिफ्ट दाबून धरून तिथून रिस्टार्ट करा. मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की 4.

नंदगड डीटीपी

दादा, फाइली मिळाल्या! "ऑल फाइल्स" केल्याशिवाय खरंच काही दिसत नव्हतं. पूर्ण फोल्डर पेन ड्राइव्हवर घेतला आणि शेजारच्या मेडिकलवाल्यांच्या कॉम्प्युटरवर उघडून बघितला. श्रीलिपी तिथं नाही म्हणून अक्षरं वाचता येत नाहीत, पण फाइली उघडतात. जीव भांड्यात पडला.

आता एक्सप्लोररचं. निरोप आला की विंडोजला ही फाइल सापडत नाही, नाव बरोबर लिहिलंय का बघा. मी परत परत नीट लिहून बघितलं, तेच. मग ब्राउज करून विंडोजच्या फोल्डरात गेले, तर एक्सप्लोरर नावाची फाइल तिथंच आहे! तीच निवडून ओके केलं तरी तोच निरोप. डोळ्यांपुढं फाइल आहे आणि हा म्हणतो सापडत नाही.

सेफ मोडमध्येही काळाच पडदा. मदतीला एक मुलगी येते, तिचं वेगळं अकाउंट आहे, तिथंही तसंच. परत खानापूरवाल्यांना फोन केला तर ते म्हणाले, एसएफसी स्कॅन चालवा. चालवलं. काही बिघाड नाही म्हणून सांगतो.

शहापूर रिपेअरवाला

ताई, तुम्ही जे बघून लिहिलंत त्यातच उत्तर आहे.

मुलीच्या अकाउंटवरही तेच होतंय, म्हणजे दोष एका अकाउंटपुरता नाही, पूर्ण मशीनला लागू असलेल्या जागी आहे. सेफ मोडमध्येही होतंय, म्हणजे मागून चालू होणाऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरचा अडथळा नाही. एसएफसी विंडोजच्या मूळ फाइली तपासतं आणि ते सगळं ठीक म्हणतंय, म्हणजे एक्सप्लोरर शाबूत आहे. मग सापडत नाही ते काय?

रजिस्ट्रीत "इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स" नावाची एक जागा आहे. कुठलाही प्रोग्रॅम सुरू करण्याआधी विंडोज तिथं बघतं. त्या प्रोग्रॅमच्या नावाखाली "डिबगर" अशी नोंद असली, तर मूळ प्रोग्रॅमऐवजी विंडोज त्या नोंदीत लिहिलेली फाइल चालवतं. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांना चुका शोधायला ही सोय दिलेली आहे. व्हायरसवाले तिथं एक्सप्लोररच्या नावाखाली आपल्या फाइलचा पत्ता लिहून ठेवतात. दरवेळी डेस्कटॉप उघडताना आधी त्यांची फाइल चालते, आणि तीच मग खरा एक्सप्लोरर सुरू करून देते, म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. अँटिव्हायरसनं ती फाइल काढली आणि रजिस्ट्रीतली नोंद तशीच सोडली. आता विंडोज त्या नोंदीप्रमाणे नसलेली फाइल शोधतंय. हरवलीय ती व्हायरसची फाइल, पण निरोपात नाव येतं एक्सप्लोररचं.

नोंद फक्त नावावर चालते, म्हणून एक्सप्लोररची फाइल दुसरीकडून आणून टाकली असती तरी फरक पडला नसता.

आता असं करा. रन न्यू टास्कमध्ये रेजएडिट लिहा. डावीकडे एचकी लोकल मशीन उघडा, त्यात सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, आणि त्यात इमेज फाइल एक्झिक्युशन ऑप्शन्स. नीट बघा, "विंडोज" आणि "विंडोज एनटी" असे दोन वेगळे फोल्डर शेजारी शेजारी असतात, आपल्याला एनटीवाला पाहिजे. आत नावांची लांब यादी येईल. त्यात एक्सप्लोरर डॉट ईएक्सई असेल तर त्यावर उभं राहून आधी फाइल मेनूतून एक्सपोर्ट करून ठेवा. मग उजवीकडे डिबगर नावाची ओळ असेल, तिच्यात काय लिहिलंय ते मला सांगण्यासाठी उतरून घ्या आणि ती ओळ डिलीट करा. त्या यादीतल्या बाकी नावांना हात लावू नका, विंडोजच्या कामाच्या नोंदीही तिथं असतात.

तिथं आहातच तर करंट व्हर्जनखालीच विनलॉगऑन आहे, ते नुसतं बघून घ्या. शेलपुढे एक्सप्लोरर डॉट ईएक्सई एवढंच पाहिजे. युजरइनिटपुढे सिस्टम 32 मधल्या युजरइनिट डॉट ईएक्सईचा पत्ता आणि शेवटी एक स्वल्पविराम असतो. तो स्वल्पविराम चुकून पडलेला नाही, तसाच असायचा असतो. ती ओळ बिघडली तर पासवर्ड घातल्या घातल्या मशीन परत लॉगिनवर येतं, म्हणून तिथं काही बदलू नका.

नंदगड डीटीपी

आलं दादा, सगळं आलं! यादीत एक्सप्लोररचं नाव होतं. डिबगरपुढे सी ड्राइव्हवरच्या माझ्याच युजर फोल्डरातल्या अ‍ॅपडेटामधला पत्ता होता आणि शेवटी कुठल्याच अर्थाची नसलेली अक्षरं, डॉट ईएक्सई. तिथं जाऊन बघितलं, तशी फाइल नाही. ओळ काढली, रिस्टार्ट केला, टास्कबार, आयकॉन, नुडी, सगळं जागेवर. शेल आणि युजरइनिट तुम्ही सांगितलं तसंच आहे, स्वल्पविरामासकट. पत्रिका उघडून मराठी-कन्नड दोन्ही बाजू तपासल्या, एक अक्षर हललेलं नाही.

आता बाकी काही करायला पाहिजे काय?

शहापूर रिपेअरवाला

फार बरं वाटलं. होय, एक काम आहे. नोंद काढली म्हणून सगळी घाण गेली असं धरू नका. विंडोज सिक्युरिटी उघडा, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, स्कॅन ऑप्शन्स, आणि त्यातला ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज सुरू व्हायच्या आधी तपासतो, त्यामुळे लपलेल्या गोष्टीही सापडतात. तुमचं दुसऱ्या कंपनीचं अँटिव्हायरस असल्यामुळे तो पर्याय दिसला नाही तर त्याचाच पूर्ण स्कॅन लावून रात्रभर ठेवा. फाइली घेतलेला पेन ड्राइव्हही तपासून घ्या, आणि मेडिकलवाल्यांनाही त्यांचं मशीन तपासायला सांगा, तो तिथं लावला होता ना.

दुकानात रोज परके पेन ड्राइव्ह येणारच, गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. पण त्यासाठी एखादं जुनं मशीन वेगळं ठेवता आलं तर बघा, जिथं नुसत्या प्रिंट निघतील आणि पत्रिकांचं काम असणार नाही. शिवाय विंडोज 10 चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टनं 14 ऑक्टोबर 2025 ला थांबवलाय. तुमचं मशीन विंडोज 11 घेतं का ते लगीनसराई आटोपल्यावर बघूया. श्रीलिपी आणि नुडीच्या तुमच्याकडच्या आवृत्त्या त्यावर चालतात याची खात्री आधी करून घ्यायची, मगच हात घालायचा.

संकेश्वर झेरॉक्स

मध्येच विचारतो, माफ करा. आमच्याकडे तुम्ही वर लिहिलेला तिसरा प्रकार आहे. टास्कबार येते, दोन-चार सेकंद राहते, जाते, परत येते. विशेषतः कुठल्याही फाइलवर राइट क्लिक केलं की लगेच. डिबगरची नोंद बघितली, नाही.

शहापूर रिपेअरवाला

राइट क्लिकवर पडतोय ना, मग कारण बहुतेक त्या मेनूत आपली ओळ घुसवणारं एखादं सॉफ्टवेअर आहे. फाइली झिप करणारं, पीडीएफचं, प्रिंटरबरोबर आलेलं, काहीही असू शकतं. रन न्यू टास्कमधून इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये अ‍ॅप्लिकेशन घ्या, लाल खुणेची एक्सप्लोररची नोंद शोधा. तिच्यात "फॉल्टिंग मॉड्यूल नेम" अशी ओळ असते. तिथं कुठल्या सॉफ्टवेअरची फाइल दिसते ते बघा. ओळखू आलं तर ते काढून पुन्हा बसवा. तिथं विंडोजचीच फाइल दाखवली तर निरसॉफ्टचं शेलएक्सव्ह्यू हे मोफत साधन घ्या. त्यात मायक्रोसॉफ्टच्या नसलेल्या नोंदी गुलाबी रंगात येतात. त्या सगळ्या बंद करा, एक्सप्लोरर पुन्हा सुरू करून राइट क्लिक करून बघा, आणि मग एकेक चालू करत जा. ज्याच्यावर पडला ते नाव इथं लिहा, पुढचं बघूया.