मदत हवी आहे: मुलाचे न जुळणारे दात, उघडं तोंड आणि बोबडा 'स'. आधी कोणाकडे जाऊ?

अबोली_२
लेकाचे पुढचे दात मिटतच नाहीत. दाढा टेकल्या तरी पुढे फट राहते आणि तीतून जीभ दिसते. 'स' बोबडा आहे. रात्री तोंड उघडं टाकून झोपतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, आधी कान-नाक-घसा बघणाऱ्यांना दाखवा. त्यांनी नाकात टॉर्च मारून सर्दीचं औषध दिलं आणि दातांचं दातवाल्यांना विचारा म्हणाले. शाळेतल्या बाई म्हणतात स्पीच थेरपी लावा. सुरुवात कुठून करायची तेवढं सांगा. 'डॉक्टरांना विचारा' असं कृपया लिहू नका, तेच करून दमलेय.

स्पष्टवक्ता
वय?

भटक्या
सगळे कायमचे दात येईपर्यंत काही करू नका. आमच्या कन्येला तेराव्या वर्षी तारा लावल्या, आता दात बघत राहावेत असे आहेत. लहान पोराला कशाला छळायचं?

रानजाई
भटक्या, कन्येचे दात वेडेवाकडे होते की वरचा-खालचा जबडाच जुळत नव्हता? दात फक्त ओळीत नसतील तर थांबून चालतं. वरचा जबडा अरुंद असेल तर वयात यायच्या आत बघावं लागतं, कारण टाळूच्या मधोमध असलेली हाडांची शिवण तोवरच सहज रुंदावता येते. अमेरिकेतली ऑर्थोडॉन्टिस्टांची (दात-जबडे जुळवणाऱ्या डॉक्टरांची) संघटनासुद्धा पहिली तपासणी सातव्या वर्षापर्यंत करा म्हणते. तपासणी हं, तारा नव्हे.

अबोली, वय सांगा. अंगठा चोखतो का? घोरतो का? आणि दात मिटताना खालचा जबडा एका बाजूला सरकतो का?

अबोली_२
सहा पूर्ण. अंगठा फक्त झोपताना, तो मुद्दा नाहीये. घोरतो, पण आमच्याकडे सगळेच घोरतात. जबडा सरकतो का ते आत्ता बघितलं. हो, उजवीकडे जातो! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

स्पष्टवक्ता
"अंगठा तो मुद्दा नाहीये." (कपाळावर हात मारणारी बाहुली)

ऊर्जा
एवढं काही करायची गरज नाही. झोपताना ओठांवर टेप लावा आणि दिवसा जीभ टाळूला चिकटवून ठेवायला शिकवा. जबडा आपोआप रुंद होतो. मी स्वतः करते, चेहऱ्याला छान धार आली आहे.

रानजाई
ऊर्जा, तुमचं नाक मोकळं आहे. या मुलाचं चोंदलेलं आहे की नाही हेच अजून माहीत नाही. नाक बंद असलेल्या मुलाचं तोंड चिकटवायचं म्हणजे त्याचा श्वासच अडवायचा. अबोली, हे अजिबात करू नका.

अभ्यासू
नाक आणि जबड्याचा संबंध थोतांड नाही. १९८१ मध्ये हारवोल्ड आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस माकडांची नाकं बुजवून प्रयोग केले होते. तोंडाने श्वास घ्यावा लागल्यावर त्यांच्या दातांची ठेवण बदलली. कारण सरळ आहे. तोंड मिटलेलं असतं तेव्हा जीभ वर टाळूला टेकून असते आणि वरच्या जबड्याला आतून आधार देते. तोंड उघडं राहिलं की जीभ खाली पडते, गालांचा दाब बाहेरून चालूच राहतो. जबडा अरुंद होतो, टाळू उंच होते. मग दाढा नीट बसत नाहीत म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवून चावतं. वरच्या दाढा अशा खालच्या दाढांच्या आत बसल्या की त्याला क्रॉसबाइट म्हणतात.

खवचट
माकडांची नाकं पूर्ण बंद केली होती हो. मुलांचं नाक तसं नसतं. आणि माकडा-माकडांतही बदल सारखे झाले नव्हते. अनुवंश नावाची गोष्ट आहे की नाही? आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या खालचा जबडा पुढे आहे आणि सगळे नाकानेच श्वास घेतो.

अभ्यासू
अनुवंश नाही असं म्हटलंय कुठे? पुढची फट अंगठ्यानेही पडते. मला एवढंच म्हणायचंय की

अभ्यासू
(अर्धवट पोस्ट झालं.) ...की कारणं एकावर एक चढलेली असतात, एकच शोधू नका.

टिकली
अवांतर: माझं वय ४१, मला आता तारा लावता येतील का?

स्पष्टवक्ता
येतील. वेगळा धागा काढा.

सोनचाफा
मी स्पीच थेरपिस्ट आहे. मूल न बघता निदान करणार नाही, पण अबोली, दोन गोष्टी नीट ऐका. 'ससा' म्हणताना जीभ दातांच्या बाहेर येऊन 'थथा' सारखं ऐकू येतं का? आणि 'मला' म्हणताना 'बला' होतं का?

अबोली_२
थथा तर हो. आणि बलाही हो!! 'नको'चं 'दको' होतं. आम्हाला वाटायचं कायमची सर्दी आहे.

सोनचाफा
मग ही दोन वेगळी दुखणी आहेत. 'स'ला दातांच्या मागून हवेची बारीक धार लागते. पुढे फट असली की जीभ तिथे घुसते आणि धार पसरते. 'म' आणि 'न'चं बिघडणं दातांमुळे नाही. त्यांना हवा नाकातून जावी लागते, ती जात नाहीये. सहा वर्षांच्या मुलात याचं नेहमीचं कारण म्हणजे नाकाच्या मागे वाढलेले अ‍ॅडिनॉइड्स, म्हणजे टॉन्सिलसारख्या गाठी. ते टॉर्चने दिसत नाहीत, दुर्बिणीने किंवा बाजूने काढलेल्या एक्स-रेमध्ये दिसतात. त्याच अ‍ॅडिनॉइड्समुळे कानाच्या पडद्यामागे पाणी साचू शकतं. टीव्हीचा आवाज वाढवतो का? हाक मारली की "काय?" म्हणतो का?

म्हणून आधी नाक आणि कान, ऐकण्याच्या चाचणीसकट. मग ऑर्थोडॉन्टिस्ट. 'स'चा सराव त्यानंतर. नाक बंद असताना मुलाला 'तोंड मिट, जीभ वर ठेव' सांगणं त्याच्यावर अन्याय आहे. तो पाणी गिळताना बघा, हनुवटीवर खळ्या पडून जीभ पुढे येत असेल तर तेही सांगा तिथे.

भटक्या
म्हणजे ऑपरेशन. मी आधीच म्हणत होतो, एकदा गेलात की सोडत नाहीत.

रानजाई
कोणी ऑपरेशन म्हणालं? अ‍ॅलर्जी असेल तर बऱ्याचदा आधी नाकातला स्प्रे देतात. अ‍ॅडिनॉइड्स मोठेपणी आपसूक आक्रसतातही. पण घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, घामाघूम होत असेल, दिवसा चिडचिड करत असेल तर वाट बघू नये. अबोली, झोपेत व्हिडिओ काढा आणि डॉक्टरांना दाखवा, तोंडी सांगण्यापेक्षा ते बरं.

अबोली_२
दुसऱ्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. व्हिडिओ बघून त्यांनी लगेच दुर्बीण घातली. अ‍ॅडिनॉइड्स मोठे, दोन्ही पडद्यांमागे पाणी, थोडं कमी ऐकू येतंय. म्हणजे "लक्ष देत नाही" म्हणून ओरडा खात होता तो उगाच. तूर्तास स्प्रे, नंतर पुन्हा कानाची चाचणी. फरक नसला तर ऑपरेशनचा विचार. ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणाले, क्रॉसबाइटसाठी टाळूला रुंद करणारी स्क्रूची पट्टी लागेल, पण नाकाचं ठरल्यावर. अंगठा सुटला तर पुढची फट बरीचशी आपली आपण भरेल, वरचे कायमचे दात अजून यायचेत म्हणून. (स्पष्टवक्ता, कळलं.)

आता लगेच सांगा: स्प्रे मारला की सगळा घशात उतरतो आणि तो ओकाऱ्या काढतो. काय चुकतंय?

खवचट
आमच्या जबड्याबद्दल कोणीच काही बोललं नाही.

सोनचाफा
डोकं मागे टाकत असेल. किंचित पुढे झुकवा. डाव्या नाकपुडीसाठी उजवा हात, उजवीसाठी डावा. टोक मधल्या पडद्याकडे नको, त्याच बाजूच्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे धरा. मारल्यावर जोरात ओढायला लावू नका, साधा श्वास घेऊ दे.