मित्राला आपल्या विश्वासाविषयी कसे सांगितले? आपले अनुभव लिहावेत

पांदणवाट

गेल्या रविवारी आमच्या मंडळीत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायावर संदेश झाला. अंद्रिया येशूला भेटतो आणि आधी आपल्या भावाला, शिमोनाला, शोधून त्याच्याकडे घेऊन येतो, एवढाच तो प्रसंग. उपासना संपल्यावर तरुण संघातील एका मुलाने विचारले की अनोळखी माणसाच्या हातात पुस्तिका देता येते, पण ज्याच्याबरोबर रोज क्रिकेट खेळतो आणि ज्याला आपल्या साऱ्या खोड्या ठाऊक आहेत, त्याला येशूविषयी कोणत्या तोंडाने सांगायचे? त्यावरून मला माझी शाळेतली मैत्रीण आठवली.

आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातले, ख्रिस्ती घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मैत्रीण वारकरी घरातली. गणिताची वही उतरवून घ्यायला ती संध्याकाळी येत असे आणि आमची कौटुंबिक प्रार्थना सुरू झाली की दाराशी बसून राहत असे. समोर मूर्ती नाही, दिवा नाही, मग तुम्ही डोळे मिटून बोलता तरी कोणाशी, असे तिने एकदा माझ्या आईला सरळ विचारले. आई म्हणाली, "बस, ऐक, अन् मंग तूच सांग." त्या संध्याकाळी आईने तिच्या आजारी गाईसाठी प्रार्थना केली. गाय वाचली की नाही हे मला आता आठवत नाही, पण देवापुढे आपल्या गाईचाही विषय निघू शकतो याचे तिला वाटलेले आश्चर्य चांगले आठवते. ती ख्रिस्ती झाली नाही. आजही तिच्या घरून आषाढीच्या दिंडीत कोणी ना कोणी जाते आणि मुलाची परीक्षा जवळ आली की ती मला फोन करून प्रार्थना करायला सांगते. याला साक्ष देणे, म्हणजे आपला विश्वास दुसऱ्याला सांगणे, म्हणावे की नाही, यावर आमच्याच घरात दोन मते आहेत.

ज्यांनी सांगितले त्यांनी तर लिहावेच, पण ज्यांना कोणी सांगितले त्यांनीही, ख्रिस्ती नसले तरी, संकोच न करता लिहावे.

मेळघाटाच्या पायथ्याशी

माझ्या आजोबांना तरुणपणी कुष्ठरोग झाला आणि गावाने त्यांना विहिरीवरून उठवले. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला मिशनचा कुष्ठरोग दवाखाना आहे, तेथे ते दीर्घकाळ राहिले, बरे झाले आणि तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर त्यांनी गावात कधी भाषण केले नाही. कोणी छेडले तर योहानाच्या नवव्या अध्यायातल्या आंधळ्याचे उत्तर ते देत असत: तो मनुष्य पापी आहे की नाही ते मला माहीत नाही, पण मी आंधळा होतो आणि आता मला दिसते, एवढे मला कळते. आजोबांची बोटे वाकलेली होती, त्यामुळे त्यांना पुराव्याची गरज पडत नसे. त्यांच्या एका बालमित्राने मात्र सर्वांदेखत त्यांच्या ताटात जेवून दाखवले होते. तो मित्र शेवटपर्यंत मारुतीचा भक्त राहिला. दोघांपैकी कोणी कोणाला साक्ष दिली, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

सोनपाखरू

मुलाचा डबा भरता भरता वाचले आणि डोळे भरून आले. गाईचे काय झाले ते मात्र मैत्रिणीला विचारून नक्की कळवावे, कारण आता मलाही चैन पडणार नाही.

निवृत्त गुरुजी

यवतमाळचे बायबल सेमिनरी १९८३ साली पुण्याला गेले. त्याआधी तेथील विद्यार्थी आमच्या आठवडी बाजारात येऊन गाणी म्हणत आणि पुस्तिका वाटत. लोक ऐकत, हसत, पुस्तिका घेत, आणि त्यातल्या पुष्कळशा शेवटी फुटाण्यांच्या पुड्या बांधायला जात. असे असूनही अनोळखी माणसाच्या सांगण्याला मी कमी लेखत नाही. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनापर्यंत पोहोचल्यावर त्यांना तो खाली ठेववेना आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. उलट ज्या लक्ष्मीबाईंशी त्यांचा संसार होता, त्यांना ते वर्षानुवर्षे पटवू शकले नाहीत. त्या पुढे आल्या त्या स्वतःच्या विचाराने, आणि मधल्या काळात त्यांनी विरहाचे व सामाजिक अपमानाचे पुष्कळ सोसले. आपल्या तरुण संघातील मुलाला हे अवश्य सांगावे, म्हणजे जवळच्या माणसाला सांगणे जड जाते ते आपण कमी पडतो म्हणून, असे त्याला वाटणार नाही.

धम्मपथिक

मी बौद्ध आहे आणि भंडारा जिल्ह्यात शेती करतो. आपण ख्रिस्ती नसलेल्यांनाही बोलावले म्हणून लिहितो. माझा ख्रिस्ती मित्र एका युवा शिबिराहून परतला तो वेगळाच होऊन. एसटीत, बांधावर, लग्नाच्या पंगतीत, बोलणे कोठूनही सुरू झाले तरी ते येशूवर येऊन थांबू लागले. शेवटी मी त्याला सांगितले की आमच्या घरात बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आहेत आणि माझ्या आजोबांनी १९५६ साली नागपुरात स्वतः त्या उच्चारल्या होत्या, तेव्हा मी रिकामे भांडे आहे असे समजून माझ्यात काही ओतू नकोस. तो थोडा दुखावला. मग आम्ही करार केला की मी मत्तयाचे शुभवर्तमान वाचायचे आणि त्याने बाबासाहेबांचा धम्मावरचा ग्रंथ वाचायचा.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आहे. पहाटे आलेल्याला आणि संध्याकाळी तासभर राबलेल्याला मालक सारखीच मजुरी देतो. मी मित्राला म्हणालो की हा मालक आमच्याकडे एक हंगामही टिकणार नाही. कापसाची वेचणी किलोवर असते, सोयाबीनची सोंगणी एकरी ठरलेल्या रकमेवर असते, आणि दिवस संपताना आलेल्या बाईला पूर्ण दिवसाची मजुरी दिली तर सकाळपासून वाकलेल्या बाया त्याच धुऱ्यावर मालकाचा हिशेब चुकता करतील. त्यावर त्याने वचन पुन्हा वाचायला लावले. दिवसभर रिकामे का उभे राहिलात, असे मालक विचारतो आणि ते सांगतात की आम्हाला कोणी कामावर लावलेच नाही. मित्र म्हणाला, "ठिय्यावर संध्याकाळपर्यंत कोण उरते, तूच सांग. म्हातारा, अशक्त, नाहीतर ज्याची जात पाहून मुकादम पुढे जातो तो." माझ्या आजीचे अर्धे आयुष्य अशा ठिय्यांवर गेले आहे. मी त्याच्या धर्मात गेलो नाही आणि जाणारही नाही, पण त्या दिवशी तो पहिल्यांदा माझ्याशी बोलत होता, त्याआधी तो माझ्यावर बोलत होता.

पांदणवाट

मैत्रिणीला फोन केला. गाय वाचली होती, पण तिच्या मते ती गुरांच्या डॉक्टरांच्या इंजेक्शनामुळे वाचली. धम्मपथिकजी, आपला दाखला मी येत्या रविवारी तरुण संघात वाचून दाखवू इच्छिते, आपली परवानगी असावी.

बैलजोडी

ख्रिस्ती शेतकऱ्याची खरी परीक्षा पोळ्याला होते. आम्ही बैल धुतो, शिंगे रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी खाऊ घालतो, फक्त पूजा करत नाही आणि तोरणाखाली नेत नाही. पहिल्या वर्षी मित्रांनी विचारले, "काहून बाप्पा, तुह्या देवाले पोळा चालत नाही काय?" मी सांगितले की वर्षभर राबणाऱ्या जनावराला मान द्यायला माझा देव कोठेच अडवत नाही, मी त्या मानासाठी देवाचे आभार मानतो, पण हात मात्र त्यालाच जोडतो. एका मित्राने त्यावर तेथल्या तेथे झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचे चटकदार पद, रचली, जी येथे लिहिण्यासारखी नाही. आता दरवर्षी नवीन जावई किंवा पाहुणा आला की माझ्या वतीने हे सारे तोच समजावून सांगतो, आणि खरे सांगायचे तर माझ्यापेक्षा नीट सांगतो.

रोखठोक

वरील सर्व अनुभव सुंदर आहेत, पण "जगण्यातूनच साक्ष" या आडोशाला आपण बोलण्याचे टाळत तर नाही ना? सांगणारा नसेल तर लोक ऐकतील कसे, असे पौलाने रोमकरांस विचारले आहे. माझ्या मित्राने मला तोंडाने सांगितले नसते, तर मी आज दारूच्या गुत्त्यावरच असतो, कारण त्याचे नुसते चांगले वागणे पाहून मला केवळ चीड येत होती.

तहसीलची वाट

थोडे व्यवहाराचे. संविधानाच्या कलम २५ ने धर्म आचरण्याचे तसेच त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे, पण १९७७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की आपली मते मांडणे हा प्रसार आहे, दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. विदर्भ मध्य प्रदेशात असताना १९५४ साली मिशनच्या कामाची चौकशी करण्यासाठी नियोगी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९५६ मध्ये आला, आणि आमिष दाखवून धर्मांतर केल्याचा त्यातला आरोप आजही गावागावांत उगाळला जातो. म्हणून मी तरुणांना सांगतो की औषधाची मदत, शाळेचा प्रवेश, उसने पैसे यांच्याशी विश्वासाचे बोलणे जोडू नये. उसने दिलेले परत मिळेपर्यंत तर तो विषयच काढू नये. आजारी मित्राकडे प्रार्थनेला जायचे असेल तर घरातील वडीलधाऱ्यांना आधी विचारावे, दिवसा जावे आणि दार उघडे ठेवावे.

रोखठोक

हे पटले. मित्राने मला सांगितले तेव्हा त्याच्याकडेच माझे पैसे येणे होते, त्यामुळे आमिषाचा प्रश्न उद्भवला नाही.

सोनपाखरू

धम्मपथिक भाऊ, करारातला दुसरा अर्धा भाग आपण सांगितलाच नाही. मित्राने ग्रंथ पूर्ण वाचला का?

धम्मपथिक

पांदणवाट ताई, दाखला अवश्य वाचावा, फक्त मी मान्य केला असे सांगू नये. सोनपाखरू ताई, ग्रंथ त्याने पूर्ण वाचला. बुद्धांनी आत्मा नाकारला यावर तो अडला आणि आत्मा नाही तर तारण कोणाचे, असा त्याचा प्रश्न आहे. मी उत्तर दिले, ते त्याला पटले नाही, आणि सध्या तुरीला पाणी द्यायच्या रात्रपाळीत आमचा तोच वाद चालू आहे.