मदत हवी आहे: बाबांच्या दुखण्यासाठी पुण्यात पॅलिएटिव्ह केअर, आणि आईला कसं पटवायचं?

धायरीकर:
नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी.

बाबांना (वय ७४) पॅन्क्रियाजचा (स्वादुपिंडाचा) कॅन्सर आहे, लिव्हरमधे पसरलाय. केमो झेपेना म्हणून थांबवली. गेल्या व्हिजिटला डॉक्टर म्हणाले आता पॅलिएटिव्हवाल्यांना (दुखणं, त्रास कमी करणारे डॉक्टर) दाखवा, आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आईने त्यातून एवढंच घेतलं की यांनी हात टेकले, आणि आता ती कुठेच न्यायला तयार नाही.

दिवसा बरे असतात पण रात्री पाठीत कळा सुरु होतात, आडवं झालं की वाढतं, मग पोटाशी उशी धरुन पुढे वाकून बसून राहतात बिचारे. दुखण्यावर ट्रॅमाडॉल चालू आहे, पुरत नाही. मॉर्फिनचं नाव काढलं तर आई म्हणते सवय लागेल, काका म्हणतात ते शेवटचं औषध असतं, दिलं की माणूस जातोच. त्यात आत्याचा रोज फोन, दादाने आज काय खाल्लं, की आई लगेच पेज नाहीतर नाचणीचं सत्त्व घेऊन मागे लागते, बाबा दोन घास खाऊन ओकतात आणि मग दोघंही गप्प बसून राहतात.

घरी येऊन बघणारं कोणी आहे का? मॉर्फिन मिळतं कुठे, आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याने नुसती मान हलवली. आणि पसरलंय हे बाबांना सांगितलेलं नाही, आई सांगू देत नाही. परवा मात्र त्यांनी स्वतःहून एफडीच्या पावत्या काढून ठेवायला सांगितल्या. काय करु?

मावळती_सून:
वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सर पेशंटसाठी, पैसे घेत नाहीत. तुम्हाला धायरीहून जवळच. सासूबाईंना तिथे ठेवलं होतं, घरचं एक माणूस सोबत राहतं. दुखणं आटोक्यात आलं की घरी सोडतात, म्हणजे एकदा गेलं की संपलं असं नाही, हे आईंना आवर्जून सांगा. त्यांची टीम घरीही जाते, तुमच्या भागाचं फोन करुन विचारा. जाताना फाईल, स्कॅनचे रिपोर्ट सगळं न्या.

ओपीडी_नंबर_९:
पेन अँड पॅलिएटिव्हमधे काम करते, त्यामुळे थोडं सविस्तर.

काकांनी पाहिलेलं खोटं नाही, आपल्याकडे मॉर्फिन इतकं उशिरा सुरु करतात की माणूस त्यानंतर लगेच जातो आणि नाव औषधाचं होतं. दुखण्यासाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोड्यापासून सुरु करुन वाढवत नेलं तर त्याने आयुष्य कमी होत नाही, व्यसन लागणंही क्वचित. साधी गोळी असते, दर ४ तासांनी घड्याळ लावून द्यायची, कळ यायची वाट बघायची नाही. सुरुवातीला मळमळ आणि झोप येते, ती काही दिवसात कमी होते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून सोबत लागतंच, ते लिहून दिलं नसेल तर मागून घ्या. किडनीचे रिपोर्ट दाखवा, त्यावर डोस ठरतो. ट्रॅमाडॉलचं काय करायचं तेही डॉक्टरच सांगतील, मनाने दोन्ही सोबत देऊ नका.

कोपऱ्यावर मिळणार नाही. एनडीपीएस (अंमली पदार्थांच्या) कायद्यात २०१४ला बदल होऊन परवानग्या सोप्या झाल्या तरी ते मान्यता असलेल्या हॉस्पिटल-सेंटरमधूनच घ्यावं लागतं.

पॅन्क्रियाजच्या दुखण्यात पोटामागच्या नसांच्या जाळ्याला इंजेक्शन देऊन ब्लॉक करतात, काही जणांना चांगला फरक पडतो. बाबांना चालेल का हे नक्की विचारा.

खाण्याबद्दल: या आजारात शरीर अन्न वापरतच नाही नीट, जबरदस्तीने ताकद येत नाही. पातळ, तेलकट शी होत असेल तर जेवणासोबत घ्यायच्या एन्झाईमच्या कॅप्सूल मिळतात. बाकी चमचाभर आमटी मागितली तर चमचाभरच. आत्याबाईंना फोनवर डॉक्टरांशीच बोलू द्या, घरच्यांचं ऐकत नाहीत त्या :)

बिनधास्त_बंडोपंत:
एफडी काढायला सांगतायत म्हणजे त्यांना कळलंय हो. तुम्ही सांगू नका, विचारा. "बाबा, तुम्हाला काय वाटतंय तब्येतीचं?" आणि मग गप्प बसा. जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. नको म्हणाले तर तिथेच थांबायचं.

धायरीकर:
खूप धन्यवाद सगळ्यांना. वारज्याला फोन केला, आधी फक्त रिपोर्ट घेऊन या म्हणाले, त्यामुळे आई यायला तयार झाली, बाबांना न्यायचं नाही म्हणून. एक राहिलंच, मामेभाऊ म्हणतो गोळीपेक्षा फेंटानिलचा पॅच (कातडीवर चिकटवायचं दुखण्याचं औषध) लावा, झंझट नाही. आई रात्री पाठ शेकते त्यांची, ते चालेल ना त्यावर?

ओपीडी_नंबर_९:
नाही! पॅचवर गरम पिशवी अजिबात नको, उष्णतेने औषध एकदम जास्त जातं. आणि पॅच ३ दिवस चालतो पण असर यायला १२ ते २४ तास लागतात, म्हणून आधी गोळ्यांवर डोस बसवतात. मामेभावाला थांबायला सांगा.